हिरामणची गिरण

अनिताने बटण दाबलं तर मशीन नुसतं 'हूंऽऽ' म्हणालं आणि गप्प झालं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा हूं. कमोडच्या भांड्यातलं पाणी वर आलं आणि काठाशी येऊन थांबलं. "झालं! बसलं मेलं परत!" म्हणत ती तिथेच ओल्या लादीवर मटकन बसली. गणपतीच्या कारखान्यातून येऊन तिने अजून पायसुद्धा धुतले नव्हते.

या मशीनला घरात गिरण म्हणत. नाव ठेवलं तिच्या सासऱ्यांनी, हिरामणनी. रामवाडीतलं त्यांचं घर एके काळी रस्त्याच्या बरोबरीने होतं, हे आज सांगून कुणाला खरं वाटणार नाही. रस्त्यावर भर पडत गेली, घर बिचारं होतं तिथेच राहिलं. आता अंगणातून वर जायचं तर पायऱ्या चढाव्या लागतात. मागचा संडास आणि त्याची टाकीही तशीच उंचावर, कारण खाली खणावं तर हातभरावर खाडीचं पाणी लागतं. धडधाकट माणसाला चार पायऱ्यांचं काय कौतुक! पण हिरामणचं डावं अंग गेलं आणि त्याच चार पायऱ्या डोंगराएवढ्या झाल्या.

अनिताच्या नवऱ्याने, हरेशने, तेव्हा सगळं करून बघितलं. भोकाच्या खुर्चीखाली बादली ठेवली, तर म्हाताऱ्याने चांगल्या पायाने ती खुर्चीच लाथाडली. मधल्या खोलीत नवा संडास बांधावा, तर टाकी वर आणि खोली खाली. मैला काय आपणहून पायऱ्या चढतो? शेवटी पेणच्या बाजारातल्या एका दुकानदाराने हे मशीन दाखवलं. कमोडच्या मागे एक पेटी, पेटीत पातं आणि मोटर. येईल ते दळायचं आणि बारक्या पाइपातून वर टाकीत ढकलायचं. अ‍ॅसिड ओतायचं नाही, कापूस-चिंधी टाकायची नाही, अधूनमधून कोमट पाणी सोडायचं. लाईट गेली की येईपर्यंत कळ काढायची, हे मात्र त्याने पैसे घेतल्यावर सांगितलं.

पहिल्यांदा गिरण घरघरली तेव्हा हिरामण आतून ओरडले होते, "माझं पीठ पडलं गो!" त्या दिवशी घर पोटभर हसलं होतं.

पण पावसाळा लागल्यापासून गिरण सारखी बसायला लागली. हरेशचा मामेभाऊ जितेश रोह्याला कंपनीत फिटर. शिफ्ट संपवून मोटारसायकल हाणत तो यायचा, पेटी उघडायचा, पात्यात अडकलेला गोळा काढून पिशवीत घालायचा. "कायतरी टाकताय तुम्ही आत, वयनी," एवढं बोलून पिशवी उकिरड्यावर भिरकावून निघून जायचा. त्या पिशवीत डोकावायची कुणाची छाती होती? तोवर सगळे नाक धरून अंगणात.

मागच्या खेपेला अनिताचा तोल सुटला. "बाबा, तुम्हीच काहीतरी टाकता आत! बिड्या टाकता की चिंध्या टाकता? आम्ही किती मरमर मरायचं?" हिरामण भिंतीकडे तोंड करून पडले. हरेश तिच्या वरताण निघाला. "आता एकदा बंद पडू दे, भंगारातच देतो. सरळ डायपर लावायचे." नुसतं बोलून थांबला नाही, दुसऱ्या दिवशी पुडकं आणून माळ्यावर ठेवलंसुद्धा.

खाटेवरून तो माळा समोरच दिसायचा. मिठागरात जन्म काढलेला माणूस तो. मिठाची टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून धावायचा तेव्हा पोरांना गाठता येत नसे. त्याने ते पुडकं बघितलं आणि पाणी सोडलं. उशाशी ठेवलेला तांब्या भरलेला तसाच राहायला लागला. प्यायलं नाही म्हणजे जायला नको, जायला नको म्हणजे गिरण बिघडायला नको. ओठ फुटले, लघवीला आग व्हायला लागली, डॉक्टर ओरडले. म्हातारा ढिम्म.

आणि आज ती बंद पडलीच. हरेश टेम्पो घेऊन कोलाडला गेला होता. रात्री येईल, हे बघेल आणि पहिलं पुडकं खाली काढेल. अनिताने वळून बघितलं तर हिरामण तिच्याकडेच बघत होते.

"पोरी," ते म्हणाले. जीभ जड झाल्यापासून त्यांचा एकेक शब्द लडखडत यायचा. "मना लंगोट नको बांधू देऊ."

अंगात उठायचं त्राण नव्हतं. गणपती तोंडावर आलेले, कारखान्याला रविवारची सुट्टी नाही, दिवसभर मूर्तींचे डोळे आखून तिच्या स्वतःच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालेलं. पण ती उठली. तिने जितेशला फोन लावला.

"शिफ्टवर हाय मी, वयनी. उद्याशिवाय जमणार नाय."

"मग तोंडाने सांगा, भावजी. मी उघडते."

"तुम्ही?" तो हसला. मग हसला नाही. "आधी प्लग काढा. नुसतं बटण नाय, प्लग."

तिने प्लग काढला. नाकावर ओढणी बांधली, हातमोजे चढवले, मगने पाणी उपसून बादलीत घेतलं. झाकणाचे स्क्रू काढले, मोटर उचलून बाजूला घेतली. वास असा सुटला की तिने मान दाराकडे वळवून एक श्वास घेतला. "आता जाळीत पातं दिसेल, त्याला काय गुंडाळलंय ते पक्कडीनं ओढा," फोनमधून जितेश सांगत होता. तिने ओढलं.

केस निघाले. काळे, लांबच लांब, पात्याभोवती करकचून बसलेले. त्यांत आडवे अडकलेले झाडूचे हीर आणि मिरचीची देठं. तळाशी थोडे मोहरीचे दाणे.

हीर, मिरची, मोहरी, केस. हे चार जिन्नस एकत्र बघून काय ते कुठल्या बाईला सांगावं लागतं? मीठ तेवढं विरघळून गेलं असणार. कुणीतरी कुणाची तरी दृष्ट काढून या संडासात टाकत होतं. आणि कुणीतरी म्हणजे कोण, घरात सासूशिवाय हे करणार कोण? अनिताच्या मस्तकात तिडीक गेली. नवऱ्याची दृष्ट काढते आणि नवऱ्याच्याच गिरणीत कोंबते! तिकडे तो पाण्यावाचून सुकतोय.

मग तिला आठवलं की ज्याची दृष्ट काढायची त्याचेच केस घेतात. हिरामणना टक्कल, हरेशचे केस बोटभर, सासूचे पांढरे. तिने बॅटरी जवळ नेली. एका केसाला सोनेरी रंगाचा वाळलेला कण चिकटला होता. कारखान्यात गणपतीच्या मुकुटाला लावतात तो रंग.

ती पक्कड तशीच घेऊन मागच्या दारी गेली. सासू, सीताबाई, सूप मांडीवर घेऊन जवळा निवडत होत्या.

"आई, हे काय?"

सीताबाईंनी मान वर केली, नाक मुरडलं. "दृष्ट हाय. दिसत नाय काय?"

"माझी?"

"मग काय म्हशीची?" त्यांनी परत जवळ्यात हात घातला. "शनवारी तू येतेस, भितीला टेकतेस आणि तशीच झोपतेस. हाक मारली तरी ओ नाय. मना बघवत नाय. दिवसभर देवाचे डोळे आखतेस. डोळा उघडला की देव पयली तुलाच बघतो. एक नाय, दोन नाय, कारखानाभर गणपती. देव झाला तरी नजर ती नजरच गो."

अनिताला हसावं की रडावं कळेना. "अहो, पण संडासात?"

"मग कुठं? चूल तुम्ही मोडलीत. गॅसवर जाळली तर तुला ठसका लागेल, उठशील आणि भांडशील. लगीन होऊन आलीस तवा काय बोललीस? 'असलं काय माझ्यावर करायचं नाय.' तिठ्यावर टाकायची तर त्या पायऱ्या मना चढवत नायत. वाहत्या पाण्यात टाकलेली चालते. घरात वाहतं पाणी तेवढंच."

"त्यानेच गिरण बंद पडते, आई."

सुपातला हात थांबला. "त्यानं?" सीताबाई म्हणाल्या आणि त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं.

अनिता आत आली. जाळी धुतली, पातं हाताने फिरवून बघितलं, मोटर बसवली, स्क्रू आवळले, प्लग लावला. भांड्यात बादलीभर पाणी ओतून बटण दाबलं. गिरण घरघरली आणि पाणी सर्रकन उतरलं. खाटेवर हिरामणनी डोळे मिटून घेतले.

"मना म्हाईत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"म्हातारी टाकते ते. पडल्या पडल्या दिसतं मना सगलं."

"मग बोलला का नाहीत?" तिचा आवाज चढला. "मी तुम्हाला नाही नाही ते बोलले! तुम्ही पाणी सोडलंत, लघवीची आग सोसलीत, आणि एक शब्द नाही?"

हिरामणनी शब्द गोळा करायला वेळ घेतला. "बोललो असतो, तर तिनं बंद केली असती. मग तुझी दृष्ट कोण काढनार?"

अनिता खाटेच्या पायाशी बसली आणि हमसून हमसून रडली. हातमोजे तसेच, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. रडून झाल्यावर हात धुऊन आली आणि तांब्या त्यांच्या ओठांना लावला. म्हाताऱ्याने अर्धा तांब्या एका दमात संपवला, अर्धा अंगावर सांडला.

हरेश आल्यावर तिने त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ते पुडकं दुकानात परत कर. दोन, शनिवारी घरी लवकर ये, तिठ्यावर जायचंय. तो "हे काय आता नवीन?" म्हणाला, पण पक्कडीतलं ते बघितल्यावर त्याने परत द्यायला पुडकं माळ्यावरून खाली काढलं.

शनिवारी ती कारखान्यातून आली आणि केस मोकळे सोडून आपणहून सासूपुढे पाटावर बसली. सीताबाईंनी मूठ भरली. "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..." मूठ डोक्यावरून फिरायला लागली. शेवटपर्यंत जागं राहायचं, असं अनिताने ठरवलं होतं. दुसऱ्या फेऱ्यालाच मान पुढे कलंडली. अर्धवट झोपेत तिला हरेशची पावलं पायऱ्या चढून तिठ्याकडे जाताना ऐकू आली, मग हिरामणची काठी, कमोडचं झाकण. आता गिरण घरघरणार आणि आपण उठणार, असं तिला वाटलं.

गिरण घरघरली नाही. "बटन नंतर दाबू," हिरामण आतून सीताबाईंना हळूच सांगत होते. "झोपू दे तिला."