चांदणी लागलेला शब्द

शब्दकोशाच्या कार्यालयात म्हाताऱ्या कोशकारांना सगळे आबा म्हणत. आज त्यांच्या टेबलावर एकच कार्ड होतं: ख्वोया, म्हणजे पाइन-देवदारांची सुयांसारखी पानं. स्लाव्ह भाषांच्या आदिआईचा, म्हणजे त्या जिच्यातून जन्मल्या त्या मूळ भाषेचा, हा शब्द कुणी कधी लिहून ठेवला नव्हता. तिच्या लेकी-नातींच्या बोलण्यावरून तो ताडलेला. अशा शब्दाआधी एक चांदणी काढायची. तिचा अर्थ इतकाच, की हा बोलला गेला असणार, पण ऐकलेलं कुणी आता उरलं नाही.

'मुळात बहुधा टोचणारी वस्तू,' असं लिहिता लिहिता दुपारच्या उबेत आबांचा डोळा लागला. पायाखाली सुयांची मऊ गादी होती, वर हिरवागार काळोख, आणि एक पाठमोरी बाई फांद्या गोळा करत होती.

"बाई, या पानांना काय म्हणता तुम्ही?" आबांनी विचारलं.

तिने वळून त्यांच्या गालावरून तळहात फिरवला आणि झटकन मागे घेतला. "आधी दाढी करा, टोचोबा!"

आबा खडबडून जागे झाले. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि हे नाव तिच्याखेरीज कधी कुणाच्या तोंडी नव्हतं. त्यांनी कोरं कार्ड ओढलं आणि पेन्सिलीने लिहिलं: टोचोबा. सवयीने हाताने त्याआधी चांदणीही काढली होती.

"मेल्या हाता, ऐकणारा बसलाय ना इथे अजून!" म्हणत आबांनी ती चांदणी खसाखसा खोडून काढली.