टाकून दिलेली छत्री

दुपारचा खेळ संपला, दिवे लागले, तरी ऑपरेटरांची बायको खुर्चीतून उठायला तयार नव्हती. पडद्यावर नावं सरकत होती आणि ती एकेका नावाकडे असं रोखून बघत होती, की जणू त्यातला गुन्हेगार तिला आज हुडकूनच काढायचा होता.

"वाट लावली," ती म्हणाली. "चांगल्या सिनेमाची पार वाट लावली मेल्यांनी."

चौतीस वर्षं ऑपरेटरांनी एका जुन्या थिएटरात प्रोजेक्टर चालवला होता. थिएटर पाडून तिथे फर्निचरचं दुकान झालं, तरी 'ऑपरेटर' हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. तिकिटं लेकीनं काढली होती. आईबाबांच्या तरुणपणीचा गाजलेला सिनेमा नव्यानं निघालाय म्हटल्यावर ती दोघांना हौसेनं घेऊन आली होती.

"गाणी बरी होती की, आई," लेक म्हणाली. "आणि हीरो जुन्यापेक्षा दिसायला उजवा आहे, मान्य कर."

"दिसायला असेल. पण किती बोलतो गं तो! जुना नुसता बोटीच्या धक्क्यावर उभा राहायचा, आणि आपल्याला सगळं कळायचं. जुन्यात तो तिचा हात धरतो तेव्हा मध्यंतर होतं. इथे पहिल्या गाण्यातच सगळं उरकून मोकळे." तिनं पर्स काखेत मारली. "बरं, तेही जाऊ दे. पण शेवट का बदलला?"

"शेवट कुठे बदललाय? तोच तर जसाच्या तसा ठेवलाय. बोट, शिडी, तिची काळी छत्री. ती चढते आणि मागे वळून बघत नाही."

"वळते!" बायको एवढ्या जोरात म्हणाली, की झाडू मारायला आलेली बाई थबकली. "जुन्यात ती छत्री टाकून देते आणि वळते. आणि ती वळते ना, तेव्हा सगळे आवाज बंद होतात. बोटीचा भोंगा नाही, वाजंत्री नाही, काही नाही. काय दिग्दर्शक होता तो! आता बघावं तर चाळीस व्हायोलिनं एकदम रडायला बसलेली."

"आई, जुन्यात ती छत्री टाकत नाही. वळतही नाही. म्हणून तर तो शेवट गाजला."

"तुझ्या बाबांना विचार. त्यांनी स्वतःच्या हातानं चालवलाय. अहो, सांगा हिला."

ऑपरेटर वाकून बुटाची नाडी बांधू लागले. ती आधीच बांधलेली होती.

"घरी जाऊन बोलू," ते म्हणाले.

"बोलायचं कशाला? रविवारी मी येतेय जेवायला, तेव्हा जुना सिनेमाच दाखवते," लेक म्हणाली. "फोनवर आहे तो. लाव पैज."

आईनं पैज लावली.

आजवर ऑपरेटरांनी हे संकट मोठ्या शिताफीनं टाळलं होतं. टीव्हीवर तो सिनेमा लागणार असला, की त्या दिवशी घरातला फ्यूज हमखास उडायचा. एकदा तर त्यांनी बायकोला त्याच संध्याकाळी तिच्या बहिणीकडे नेलं होतं, आणि बहीण गावाला गेलेली निघाली. बायकोलाही तो पुन्हा बघायची घाई नव्हती. एकदा पाहिलं ते पुरे, आता नजर लागायला नको, असं ती म्हणायची. पण फोनला फ्यूज नसतो.

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची होती. ती तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, म्हणजे ऑपरेटरच, असं ती चेष्टेनं म्हणायची. दर गुरुवारी तिची सुट्टी असे आणि दर गुरुवारी ती दुपारच्या खेळाला, मागून तिसऱ्या ओळीत, कडेच्या खुर्चीत येऊन बसे. मध्यंतरात चहाच्या काउंटरवर दोघांची ओळख झाली, ओळखीचं पुढे जे व्हायचं ते झालं आणि एका गुरुवारी त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. तिनं पर्समधून बदलीचा कागद काढून दाखवला. दूरच्या शहरात, वरच्या जागेवर.

"पुढच्या गुरुवारी सांगते," ती म्हणाली होती. "सिनेमा सुटल्यावर."

शुक्रवारी सिनेमा बदलला आणि नेमका हा आला. ऑपरेटरांनी आदल्या दिवशी सगळी रिळं चालवून तपासली, आणि शेवटचं रीळ संपलं तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला. नोकरीसाठी दूर निघालेली मुलगी, धक्क्यावर उभा असलेला मुका प्रियकर, आणि ती शिडी चढते ती चढतेच. पाच दिवस त्यांनी कळ काढली. बुधवारचा शेवटचा खेळ झाल्यावर कात्री घेतली.

तिसऱ्या रिळात हीच नायिका बाजारातून जाताना मागे वळते, कारण अंडीवाला तिला हाक मारतो. अर्धा डझन अंडी ती गाड्यावरच विसरलेली असते. तेवढा तुकडा त्यांनी कापला आणि शेवटच्या रिळात, ती शिडीवर पाऊल ठेवते तिथे, नीट चिकटवला. पुढे नायकाचे भरलेले डोळे, आणि समाप्त. घोळ एवढाच होता, की बाजारात तिच्या हातात छत्री नव्हती. आणि अंडीवाल्याची हाक ऐकू येऊ नये म्हणून ऑपरेटरांनी तेवढा वेळ आवाजाचं बटण शून्यावर आणून धरलं.

गुरुवारी थिएटरात शंभरेक माणसं होती. कुणालाही काही खटकलं नाही. केबिनच्या झरोक्यातून त्यांना ती रडताना दिसली. मग बाहेर येऊन तिनं तो कागद त्यांच्या देखत फाडला. "ती वळली, मग मी का जाऊ?" असं म्हणाली. संध्याकाळच्या खेळाआधी त्यांनी तुकडा जिथला तिथे बसवून टाकला, आणि गेली चाळीस वर्षं मनातल्या मनात ते बायकोचे अपराधी होते.

शनिवारी दुपारी ती मटार सोलत बसली होती. ऑपरेटर तिच्यासमोर बसले, त्यांनी दोन शेंगा सोलल्या आणि सगळं सांगून टाकलं. काहीही राखून ठेवलं नाही. अंडीसुद्धा.

तिचे हात थांबले.

"म्हणजे ते बघणं..."

"अंड्यांसाठी होतं."

"आणि छत्री?"

"बाजारात तिच्याकडे छत्री नव्हतीच."

"आणि ते आवाज बंद होणं?"

"ते मी."

ऑपरेटरांना वाटलं, आता ती ओरडेल, निदान भांडं तरी आपटेल. यातलं काहीच झालं नाही.

"अख्ख्या जगाला मी सांगत फिरले," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरीला झोपवताना सांगितलं. आणि तुम्ही शेजारी बसून मान डोलावत होतात." मग म्हणाली, "खरा शेवट पाहिला असता, तर कदाचित मी गेले असते."

"म्हणून तर कापला," ऑपरेटर म्हणाले. "मी घाबरलो होतो गं. फार घाबरलो होतो."

ती उरलेले मटार तसेच टाकून आत गेली.

रविवारी लेक आली, जेवली आणि तिनं फोन काढला. ऑपरेटर खाली मान घालून ताटाची कड बघत बसले. आता पोरीसमोर आपली शोभा होणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"ठेव तो," आई म्हणाली. "पैज हरले मी. माझ्याच डोक्यात काहीतरी घोळ झाला असेल."

"बाबा, आई हरले म्हणाली!" लेक चकित होऊन म्हणाली. "तारीख लिहून ठेवा."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं आपल्याला वाचवलं, याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण उलट जीव आणखी लहान झाला. पुढचे तीन दिवस घरात फक्त गरजेपुरतं बोलणं झालं. चहा वेळेवर मिळत होता, औषधाची आठवण होत होती, पण 'अहो' मात्र ऐकू येत नव्हतं. आपण तिच्याकडून होकार घेतला नाही, चोरला, हे त्यांना इतकं स्वच्छ कधीच दिसलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "दुपारी तो नवा सिनेमा पुन्हा बघायचाय. शेवट नीट बघायचाय मला."

दोघं गेली. या वेळी ती काही बोलली नाही, व्हायोलिनांवरही नाही. नायिका धक्क्यावर आली, काळी छत्री उघडून शिडी चढली, आणि वळली नाही. बोट लहान होत गेली. बायको डोळे न मिटता बघत होती. ऑपरेटर पडद्याकडे बघतच नव्हते, ते तिच्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काडीचाही अंदाज आला नाही.

बाहेर कडक ऊन होतं. तिनं छत्री उघडली आणि काही न बोलता चालू लागली. ऑपरेटर पायऱ्यांवरच राहिले. गुडघा आखडला होता हे खरं, पण गुडघ्यापेक्षा जास्त त्यांचा धीर सुटला होता. ती फुलवाल्याच्या दुकानावरून पुढे गेली. औषधांच्या दुकानावरूनही पुढे गेली. बसथांब्यावर माणसं उभी होती, त्यांच्यात तिची छत्री शिरली. तिला हाक मारावी असं त्यांना फार वाटलं, पण त्यांनी मारली नाही. एकदा कात्री चालवली होती, तेवढं पुरे झालं.

छत्री थांबली.

मग ती वळली. सिनेमातल्यासारखी मुळीच नाही. चष्मा नाकावर घसरलेला, कपाळाला आठ्या, आणि मागून रिक्षावाला भोंगा वाजवून कान किटवत होता.

"अहो!" ती अर्ध्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "उभे काय राहिलात? आणि छत्री टाकायची वाट बघू नका हं. नवी आहे!"