कोंडीचं सूप

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. दगडाबाईच्या पडवीत खुंटीला लटकून असतं. माझी कड उसवली आहे, बांबूला कीड लागली आहे. थोडं कुरकुरण्याचा माझा स्वभाव आहे, तेवढं सोसून घ्या.

मोडनिंबच्या बुरडानं मला विणलं आणि गोजरबाईनं भर बाजारात घासाघीस करून घेतलं. तिनं मला शेणानं सारवून उन्हात वाळवलं. तेव्हा मी फार ऐटीत होतं. आळीतल्या बायका मला उसनं मागायला यायच्या.

गोजरबाईची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरी मुलगी झाली, तेव्हा जुन्या रीतीप्रमाणे माझ्यात कोंडा पसरून त्यावर तिला ठेवलं आणि शेजारच्या दगडाबाईच्या ओटीत दिलं. मग मूठभर कोंडा देऊन तिला सांभाळायला परत आणलं. मूल दुसऱ्याचं म्हटलं की काळाची नजर पडत नाही, अशी समजूत. मुलीचं नाव कोंडी ठेवलं. पाच वर्षांची होईपर्यंत आईनं तिला ‘माझी’ म्हणायचं नाही. धान्य तर सगळीच सुपं उचलतात, मी कोंडीला उचललं होतं. त्याचा मला अजून अभिमान आहे.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. गोजरबाईचा नवरा रामहरी तापानं गेला. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिथं मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा गोड खाऊ, स्वतः न खाता कोंडीसाठी पदरात बांधून आणायची. माझ्यात पाखडायला उरली ती रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, तीही अर्धी किडकी. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. कोंडी माझ्यात बसून खरंच हसायची. पण दोन वर्षांची असून वर्षाची दिसायची.

तेवढ्यात कळलं की कमावता पुरुष नसलेल्या घरात लहान मूल असेल, तर सरकार दरमहा मदत देणार. तलाठी वही घेऊन दारात आले.

"पोरगी कुणाची?"

गोजरबाईनं पोरीला पदराआड घेतलं. "दगडाबाईची हाय, भाऊसाहेब."

"आणि तुझी लेकरं?"

"न्हाईत."

दगडाबाईचा नवरा सोलापूरला गिरणीत होता, तिला मदत मिळणार नव्हती. ती पुढं झाली. "अगं, खरं सांग की. रीत ऱ्हाऊ दे बाजूला."

"दोन गेली माजी. हिला तोंडानं मारू व्हय?"

"तू सांगशील तेच मी लिहिणार," तलाठी म्हणाले. "बोल."

गोजरबाईनं नाही म्हणून मान हलवली. तलाठ्यांनी थोडी वाट पाहिली, मग लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. ते काही वाईट नव्हते. पण ती रीत त्यांनाही ठाऊक होती, म्हणून मला त्यांचा राग येतो.

उन्हाळ्यात कोंडीला हगवण लागली. गोजरबाई तिला काखेत घेऊन मदत मागायला तालुक्याच्या कचेरीत चालत गेली. परत आल्यावर उंबऱ्यात बसून दगडाबाईला म्हणाली, "मी बोलले. सगळ्यांम्होरं म्हनलं, ही माजी हाय. त्यांनी वही बघितली आन म्हनलं, हितं मूल न्हाय लिवलंय. तलाठ्याचा दाखला आना."

तलाठी दुसऱ्या गावी गेले होते. चौथ्या दिवशी कोंडी गेली. आठव्या दिवशी दाखला आला. त्यावर लिहिलं होतं, मुले एक.

गोजरबाईनं तो कागद माझ्यात ठेवला आणि मला दगडाबाईकडे देऊन टाकलं. "मी माजी म्हनलं, म्हनून गेली," असं ती अजून म्हणते. बाई, तुझ्या शब्दानं नाही, अन्नावाचून गेली, हे मला तिला सांगायचं आहे. ते मला कधीच जमणार नाही.

मित्रांनो, माझी कड कुणी नाही बांधली तरी चालेल. पण उद्या तुमच्यापैकी कुणी वही घेऊन कुणाच्या दारात गेलात, तर पोरगी कुणाची हे विचारायच्या आधी ती जेवली का, ते विचारा.