देव्हाऱ्यातलं व्हॅटेराइट

जोतिरामनं आयुष्यात दोनच गोष्टी मागितल्या. पहिली कायमची नोकरी. ती मिळाली नाही, मिळणारही नव्हती. आपल्याकडं मास्तर शिकवायला हवा असतो, पोसायला नको असतो. सोलापुरातल्या एका कॉलेजात तो भूशास्त्र शिकवायचा, तेही तासावर. सुट्टी लागली की हा रिकामा. असल्या मास्तराला मुलगी कोण देतो? बेचाळिशी उलटली तरी एका खोलीत तो आणि त्याचे दगड, एवढाच संसार. दुसरी मागणी त्याहून लहान होती. कुठंतरी, कशावर तरी, आपलं नाव लागावं.

ती पुरी व्हायची संधी त्याच्या आईच्या पोटातून आली.

आई केराबाई केम स्टेशनजवळच्या वस्तीवर एकटी राहायची. नवरा गेला, मेंढरं विकली, पोरगा सोलापुरात. उन्हाळ्यात तिच्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं बोराएवढा पांढरा खडा बाटलीत घालून हातात दिला. जोतिरामनं सवयीनं त्याचा टवका काढला, ॲसिडचा थेंब सोडला. फसफसून आलं. पित्ताचे खडे बहुधा चरबीचे, ते ॲसिडला भीक घालत नाहीत. हा खडा कार्बोनेटचा निघाला.

पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याचा जुना वर्गमित्र अझरुद्दीन होता. त्यानं टवक्याची भुकटी करून एक्स-रेच्या मशीनवर लावली आणि फोन केला, "जोत्या, बैठा है ना? तुझ्या अम्मीच्या पोटात व्हॅटेराइट निघालं की बे!"

आता व्हॅटेराइट म्हणजे काय? संगमरवर बघा, चुनखडी बघा, अंड्याचं कवच बघा; सगळं कॅल्शियम कार्बोनेट. माल एकच, रचायच्या तऱ्हा तीन. एक तऱ्हा कॅल्साइट. ते पायलीला पन्नास, आमच्या काळ्या दगडाच्या पोकळीतही सापडतं. दुसरी ॲरागोनाइट, तिघांत जड, मोत्यात असतं ते. तिसरी व्हॅटेराइट, तिघांत हलकं आणि तिघांत दुबळं. पुस्तकात त्याला स्फटिकांच्या षट्कोनी गटात बसवलेलं आहे, पण ते तिथं नीट बसतं का यावर जाणकार अजून भांडतात. निसर्गात ते क्वचित घडतं आणि घडलं तरी टिकत नाही. पाणी लागलं की त्याचे कण हळूहळू सुटतात, पुन्हा जुळतात ते कॅल्साइट होऊन. ज्याला धड घर नाही आणि जे फार दिवस स्वतःसारखं राहू शकत नाही, असं ते खनिज. जोतिरामला ते आवडलं यात नवल नाही.

पण विभागप्रमुख शिवशरण सर पक्के होते.

"मशीनचा कागद कुणीही छापून आणतो, जोतिराम. खडा कुठाय?"

"आईकडं, सर. माझा हाय म्हणाली, घेऊन गेली. टवक्याची भुकटी मशीनची काच धुताना गेली."

"मग शनिवारच्या चर्चासत्रात टेबलावर खडा ठेव. तुझ्या नावाची पट्टी लावून मी स्वतः कपाटात ठेवतो. नाहीतर व्हॅटेराइट हा शब्द परत काढायचा नाही. डिपार्टमेंटचं हसं नको."

जोतिराम पॅसेंजरनं केमला उतरला आणि वस्तीवर गेला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. ऑपरेशनच्या वेळी आईच सोलापूरला आली होती, ते येणं त्यानं स्वतःच्या खात्यावर धरलं होतं.

"आलास व्हय? वाट चुकला काय मास्तर?" केराबाई उंबऱ्यातनं म्हणाली. "च्या ठिवते, बस."

"आई, खडा दे. घाई आहे."

"माज्यासाटनं न्हाय, खड्यासाटनं आलाय म्हण की. देव्हाऱ्यात हाय बग."

देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी खडा बसला होता. हळदीनं पिवळा, कपाळाला कुंकू, डोक्यावर झेंडूची पाकळी.  जोतिरामनं भिंग काढलं. ऑपरेशनच्या वेळी खडूसारखा मंद दिसणारा खडा आता हळदीखालून बारीक बारीक चमकत होता. असं कॅल्साइट चमकतं.

"आई, काय केलंस तू ह्याला?"

"काय केलं? देवासंगं रोज आंगूळ घालते. दुदानं, मग कोमट पाण्यानं."

"रोज?"

"मग काय वरसातनं एकदा? तुज्यागत?"

"अगं, पाण्यानं बदलतो तो! वाया घालवलास! सगळ्या महाराष्ट्रात असा दुसरा दाखव मला. शनिवारी काय दाखवू मी? हळद?"

केराबाई चुलीपुढं बसून राहिली. चहा उतू गेला तरी उठली नाही. मग म्हणाली, "मला म्हाईत न्हवतं, बाबा. तू सांगितलं न्हाईस. तू काय सांगतोस मला?"

 शिकल्यासवरल्या माणसाला आईला दोन वाक्यं समजावून सांगायला सवड नसते आणि मग तिच्या अडाणीपणाच्या नावानं बोंबलायला मात्र असते.

जोतिरामचा पारा जरा खाली आला. म्हणाला, "वरचंच बदललं असेल. पाणी आतपर्यंत गेलं नसेल. मधला गाभा तसाच असणार. पण ते फोडल्याशिवाय कळायचं नाही."

"देव फोडतोस व्हय?"

"देव कुठला? खडा आहे तो."

"व्हय, खडाच." तिनं पदरानं खड्याची हळद पुसली. "पर लई वरसं पोटात ऱ्हायला की. दुखवलं, पर सोडून न्हाय गेला. म्हनून बसवला हितं. सकाळी उटलं की म्हनते, उट रं, पानी काडलंय. घरात कुनाला तरी उट म्हनावं लागतंय."

 जोतिरामच्या खोलीतही कुणी कुणाला उठ म्हणत नव्हतं. पण शनिवार तोंडावर होता.

"फोडल्यावर तुजं काम हुईल?"

"होईल. बहुतेक."

केराबाई उठली, पाट्यावरचा वरवंटा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. "फोड. माज्याच पोटातला हाय. तूबी तितलाच."

गोष्टीत असल्या वेळी पोरगा वरवंटा खाली ठेवतो आणि आईच्या पायावर डोकं टेकतो. जोतिरामनं फोडला. एकाच घावात. आत कांद्यासारखे पापुद्रे निघाले. वरचे चमकणारे, मधला ज्वारीच्या दाण्याएवढा गाभा मंद पांढरा, कोरडा. त्यानं तो कापसात गुंडाळून डबीत घातला. कपच्या केराबाईनं वेचल्या, ओच्यात बांधल्या. जाताना त्यानं "येतो" म्हटलं. ती "ये" म्हणाली.

डबी पुण्याला पोचली, अझरुद्दीननं रात्रपाळी करून तपासलं. गाभा व्हॅटेराइटच होता. शनिवारी चर्चासत्र झालं. पाचपन्नास खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. शिवशरण सरांनी शब्द पाळला, याचंच जोतिरामला नवल वाटलं. कपाटाच्या काचेमागं दाणा ठेवला, खाली छापील पट्टी लावली: व्हॅटेराइट, कॅल्शियम कार्बोनेट, संग्राहक जोतिराम कोंडीबा. सरांनी पाठीवर थाप मारली. पोरं वडापावकडं धावली. काचेपुढं तो एकटा राहिला. नाव दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यानं आईला फोन लावला.

"आई, तोच निघाला. नाव लागलं माझं."

"बरं झालं की."

"काय करतीस? जेवलीस?"

"न्हाय आजून. आज उटायलाच उशीर झाला बग."

"का? बरं नाही का?"

"बरी हाय की," केराबाई म्हणाली. "पानी कुनासाटनं काडायचं, म्हनून पडून ऱ्हायले."