उरलेली खरखर

“पाय थांबवू नकोस. भाता मारत राहा.”

धाकटा भाऊ विजारीची इस्त्री सांभाळत पायपेटीसमोर बसला होता. तो आला होता महत्त्वाचं बोलायला, आणि ताईने त्याला सरळ कामाला जुंपलं होतं. मधली बहीण खिडकीशी उभी राहून पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. अप्पा त्यांच्या खुर्चीत. झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात कामातून गेला होता. कान मात्र शाबूत होते आणि जीभ तर कानांहूनही शाबूत.

ताईने तीन पट्ट्या एकदम दाबल्या. टेबलावरच्या डब्यातला काटा किंचित हलला. तो डबा तिनेच जमवलेला, एक माइक आणि थोड्या तारा घालून. सूर एकमेकांशी नीट मिळाले नाहीत की आवाजात लाटा उठतात. ती खरखर किती आहे ते हा काटा दाखवायचा.

“ह्या तीन सुरांच्या मेळाला काटा शून्यावर असायचा,” अप्पा म्हणाले. “तू बिघडवलास.”

“थोडासाच बिघडवलाय, अप्पा.”

“गोड होता तो.”

“होता ना. पण कुणाच्या जिवावर?”

पेटी जुळवणाऱ्या प्रत्येकाला एक अडचण ठाऊक असते. बारा सुरांत सगळे मेळ एकदम शुद्ध होत नाहीत. काही अगदी गुळगुळीत केले की त्यांची कसर दुसरीकडे कुठेतरी निघतेच. अप्पा ती सगळी कसर एकाच मेळात ढकलायचे, गाण्यात सहसा न लागणाऱ्या. त्याला ते कोपरा म्हणत. बाकीची पेटी मग इतकी गोड वाजायची की अप्पांचं नाव झालं. कोपऱ्याला कुणी हात लावत नसे, त्यामुळे बोभाटाही झाला नाही.

ही पेटी ज्या भजनी मंडळाची होती तिथल्या नव्या गाणाऱ्या बाईंना आता कुठल्याही सुरापासून गायचं होतं. म्हणून ताई एकेक रीड कानशीने हलकेच घासून कोपऱ्यातली खरखर सगळ्यांत वाटत होती. उजवी बाजू झाली होती, डावी अजून अप्पांच्या जुळणीत होती.

“ताई, मुद्द्याचं बोलू या का?” धाकटा म्हणाला. “तू जाऊ नयेस असं कुणी म्हणत नाहीये.”

दुसऱ्या गावच्या संगीत विद्यालयाने तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं, तिथल्या जुन्या वाद्यांचे मेळ मोजायला. सोमवारी निघायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्या कामासाठी बोलावलं होतं, आणि तिला जायचंच होतं.

“फक्त अप्पांचं काय, एवढंच,” तो म्हणाला.

“तेच मी विचारतेय. काय?”

“माझ्याकडे जिना आहे.”

“माझ्या दोनच खोल्या,” मधली म्हणाली. “त्यात मुलीची परीक्षा. आणि तुला सवय आहे गं.”

सवय. हा शब्द ऐकला की ताईचं डोकं सटकायचं, आणि का सटकू नये? आई गेली तेव्हा धाकट्याचं कॉलेज बुडू नये म्हणून तिने स्वतःचं सोडलं. तिला बघायला पाहुणे येणार होते त्याच आठवड्यात मधली बाळंतपणाला आली. पाहुण्यांना नंतर या म्हणून कळवलं, आणि ते शहाणे लोक पुन्हा फिरकलेच नाहीत. अशीच लागते सवय.

“भाता मार,” ती म्हणाली, आणि डाव्या बाजूच्या, अप्पांच्या कोपऱ्यातल्या तीन पट्ट्या दाबून धरल्या.

पेटी केकाटली. काटा पार टोकाला जाऊन आपटला.

“बंद कर ना,” मधलीने कानांवर हात ठेवले.

“एवढ्यात? ह्या रीड वाईट नाहीत गं. बाकीच्यांना गोड राहता यावं म्हणून ह्यांना असं ठेवलंय. आपल्या घरात तेच झालंय, आणि त्या कोपऱ्यात मी आहे.” तिने बोटं उचलली. “मी वाटून टाकतेय. अप्पा आधी ह्याच्याकडे, मग तुझ्याकडे, मी परत आले की माझ्याकडे. सगळ्यांची घरं थोडी थोडी बिघडतील. बिघडू देत.”

“मला विचारलंस?” अप्पा म्हणाले.

“नाही. मला कधी कुणी विचारलं होतं?”

अप्पांनी डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात सरळ केला. मग म्हणाले, “म्हणजे मी ओझं.”

“ओझं असाल किंवा नसाल, अप्पा. एकटीने उचलायचं नाही, एवढंच म्हणतेय.”

शब्द तिने मागे घेतले नाहीत. धाकट्याने पाय कधीच थांबवले होते.

रविवारी दुपारी तो गाडी घेऊन आला. अप्पांना बसवताना त्याने हळूच विचारलं, “रात्री उठावं लागतं का गं?”

“लागतं.”

‘मी येऊ का चार दिवस’ हे अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. अप्पांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. त्यांनी लावू दिलं, पण नजर समोरच्या काचेवरून हलवली नाही. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ती फाटकात उभी होती.

घरात येऊन तिने पान वाढून घेतलं. इतकी वर्षं अप्पांना भरवून होईतो तिचं ताट गार झालेलं असायचं. आज भाताची वाफ चेहऱ्यावर आली आणि तिला रडू फुटलं. तेवढ्यात फोन वाजायला लागला. धाकट्याचा. औषधांची पिशवी कुठे आहे ते विचारत असणार. ती तर तिने गाडीत मागच्या सीटवरच ठेवली होती. सापडेल त्याला.

डोळे पुसून तिने भात कालवला. फोन वाजत होता. तिने घास घेतला. जीभ पोळली, तरी दुसरा घेतला.