माझ्या छिद्रांत अडकलेला लसूण

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माझ्यात काही खोट नव्हती. आजही नाही.

मी लसूण दाबण्याचे एक जुने हत्यार आहे. दुकानात माझ्या पुठ्ठ्यावर 'लसूण प्रेस' असे छापले होते. या घरात मला दाब्या म्हणतात. दोन दांडे, एकाला बारीक छिद्रांची वाटी, दुसऱ्याला त्या वाटीत बरोबर बसणारा दट्ट्या. एवढाच माझा पसारा. कारखान्यात वितळलेल्या धातूतून मला ओतले, घासून चकचकीत केले. तपासणाऱ्या बाईंनी माझे दांडे दोनदा उघडून मिटून पाहिले आणि "हा चांगलाय" म्हणत मला खोक्यात टाकले. ते माझे पहिले कौतुक.

या घरात मला मुलीने आणले, आपल्या आईसाठी. आई शिवणकाम करते. हाताने बटणांची काजे करण्यात तर तिचा हात धरणारे कोणी नव्हते. पण तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखू लागला होता. सुरी घट्ट धरली की कळ यायची.

"आई, सुरी राहू दे आता. यात पाकळी टाक आणि दाब," मुलगी म्हणाली.

"असली खेळणी दोन दिवसांची," म्हणत आईने मला दाबले. वाटीतून लसूण मऊ, बारीक होऊन भराभर बाहेर आला. "अगं बाई! हे तर मस्तच आहे की!" तिने शेजारणीला बोलावून मला दाखवले. त्या दिवशी मी अगदी हवेत होतो.

घरातल्या कामांची वाटणी ठरलेली होती. स्वयंपाक आईचा, भांडी बाबांची. बाबा घड्याळे दुरुस्त करतात. घड्याळाच्या चाकात धुळीचा कण राहिला तर त्यांना घास गोड लागत नाही. आणि घरी? घरी ते मला एकदा नळाखाली धरायचे, झटकायचे आणि पालथे घालून मोकळे व्हायचे. छिद्रांतला लसूण तिथेच वाळून खडा व्हायचा.

"अहो, त्याची छिद्रं जरा टोकरा. लसूण वाळला की निघत नाही," आई सांगायची.

"धुतलाय गं. चकाचक आहे!"

चकाचक! मित्रांनो, तो शब्द ऐकला की माझे डोके फिरायचे. एकेक छिद्र बंद होत होते. आईला दर वेळी अधिक जोर लावावा लागत होता. लसूण खालून यायचा सोडून दट्ट्याच्या कडेने वर यायचा. ती सुरीच्या टोकाने चार छिद्रे कशीबशी मोकळी करायची, तोवर अंगठा ठणकू लागायचा. मग ती हात चोळत स्वतःशीच पुटपुटायची, "माझ्याच हातात जोर राहिला नाही." अहो बाई, तुमचा हात ठीक आहे, मी तुंबलोय! पण मला कोण विचारतो?

एका दुपारी मुलगी आणि जावई जेवायला यायचे होते. आईने मूठभर पाकळ्या सोलल्या. पहिलीच पाकळी दबेना. तिने दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून मला दाबले. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी 'कट्' झाले. मी फरशीवर पडलो आणि ती हात पोटाशी धरून खाली बसली.

डॉक्टरांनी अंगठ्याला पट्टा बांधला. सुई हातात धरायची नाही, असे बजावले. एका कोटाची काजे राहिली होती. तो कोट दुसऱ्या शिंप्याकडे गेला.

"टाका ते मेलं भंगारात!" आई म्हणाली. बाबांनी मला सर्वांत खालच्या खणात भिरकावले. अपराध कोणाचा आणि शिक्षा कोणाला!

आता स्वयंपाक बाबांकडे आला. पहिल्याच दिवशी लसूण चिरताना त्यांनी बोट कापून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर काढले. दाबले. काही नाही. दात-ओठ खाऊन दाबले. तरी काही नाही. मग त्यांनी आपल्या घड्याळाच्या दुकानातले भिंग डोळ्याला लावले आणि मला खिडकीच्या उजेडात धरले. एकेक छिद्र त्यांनी मोजून पाहिले. नंतर मला घेऊन आईकडे गेले.

"अगं, याची निम्म्याहून जास्त छिद्रं बंद आहेत."

"मग इतके दिवस मी काय भिंतीशी बोलत होते?"

"मला वाटलं, तू उगाच..."

"लोकांच्या घड्याळातली धूळ दिसते तुम्हाला. बायकोचा अंगठा नाही दिसला."

बाबा मला घेऊन ओट्याशी गेले. त्यांनी मला गरम पाण्यात भिजवले, बारीक सुईने एकेक छिद्र मोकळे केले. नंतर नुसत्या दोन बोटांनी दाबताच लसूण सरसर खाली आला. त्यांना आनंद व्हायला हवा होता. ते मात्र मला हातात धरून मटकन खुर्चीवर बसले.

तेव्हापासून लसूण दाबून झाला की ते मला लगेच धुतात. "आता सुचलं," एवढेच आई म्हणाली. पट्टा सुटला, ती शिवणयंत्रावर बसू लागली. पण सुई फार वेळ धरवत नाही. काजे आजही त्या दुसऱ्या शिंप्याकडे जातात. माझ्यावरचा ठपका गेला, तिचे काम मात्र परत आले नाही. याचा राग मला अजून येतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. वापरलेली वस्तू ओली आहे तोवरच नीट धुवा, आतून धुवा. आमच्यावर दया करा असे मी म्हणत नाही. आम्हाला काही दुखत नाही. आम्ही अडलो की दुखते ते आम्हाला धरणाऱ्या हाताला. आणि घरातले कोणी "जरा नीट धुवा" असे दुसऱ्यांदा म्हणाले, तर हातातले भांडे बाजूला ठेवा आणि आधी त्या माणसाकडे बघा.