स्क्रूसकट बिजागरी

दोघा भावांनी वडिलांच्या दुकानाच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं, तेव्हा बिजागऱ्या थोरल्याच्या वाट्याला आल्या आणि स्क्रू धाकट्याच्या. असली वाटणी शुद्धीवरचा माणूस करत नाही. पण त्या दिवशी ते दोघे आपल्याला काय मिळतंय हे बघतच नव्हते, समोरच्याला काय मिळू नये एवढंच बघत होते. कुलपं इकडे, कोयंडे तिकडे. कपाटाच्या मुठी इकडे, त्यांचे बोल्ट तिकडे. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

वाटायचं राहिलं ते फक्त ऑनलाइन दुकान. ते मधलीने उभं केलं होतं. मधली म्हणजे या दोघांच्या मधली बहीण. नवऱ्याचं घर सोडून परत आलेली, मागच्या गोदामावरच्या खोलीत राहणारी. एकेका वस्तूचा फोटो तिने जिन्यात पांढरी चादर अंथरून काढला होता, मापं घेतली होती आणि शीटमध्ये भरली होती, एका ओळीत एक वस्तू. शीट भरली की फाइल चढवायची, की सगळा माल एका दमात दुकानात दिसायला लागायचा. गल्ल्यावरचं गिऱ्हाईक कधीच आटलं होतं. दोन्ही घरांची चूल तिच्या फाइलवर पेटत होती, आणि हे माहीत असल्यामुळेच ती दोघांच्याही डोळ्यांत खुपत होती.

फाइल चढवताना खाली एक चौकोन यायचा: 'फाइलमध्ये नसलेला माल दुकानातून काढून टाका.' त्या चौकोनाला मधली कधी हात लावत नसे. भाऊ आपापली फाइल पाठवायचे. तिच्यात वस्तूचं नाव आणि किंमत, बाकी बोंब. मधली दोन्ही फायली एकाखाली एक जोडायची, फोटो आणि मापं भरायची आणि चढवायची. बिजागरीपुढचा 'स्क्रूसकट' हा शब्द तिला पुसावा लागला होता, कारण थोरला आता नुसती बिजागरी धाडत होता. धाकट्याकडून स्क्रू घेण्यापेक्षा त्याने जीभ तोडून दिली असती. गिऱ्हाइकांची बोलणी मात्र मधली खायची.

एका सकाळी थोरला तिच्या टेबलापाशी आला. हे टेबल मागच्या दारात होतं, पार्टिशनच्या दोन्ही बाजू दिसतील असं.

"त्याचा माल काढून टाक," तो म्हणाला.

"दादा, गिऱ्हाइकाला तुमचं भांडण दिसत नाही. त्याला दार बसवायचं असतं."

"गोदाम माझ्या वाट्याचं आहे. वरची खोलीही. तू कुणाच्या बाजूची ते एकदा सांग, म्हणजे खोलीचं काय ते मलाही ठरवता येईल."

चहात साखर घालू का, असं विचारावं तितक्या सहज तो हे बोलला. मधलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही माल राहणार, एवढंच ती म्हणाली.

दुपारी धाकटा आला. "ताई, मी काही दादासारखा नाही," अशी त्याने सुरुवात केली, तेव्हाच हा त्याच वळणावर चाललाय हे तिने ओळखलं. "तू फक्त पासवर्ड मला दे. बाकीचं मी बघतो."

"आणि नाही दिला तर?"

"तर माझ्या घरून तुला डबा येतो, तो कशाला यावा, हे तूच सांग."

एकाच्या हातात छप्पर, दुसऱ्याच्या हातात जेवण. लहानपणी दोघांची भांडणं सोडवताना मधे पडून मार खाणारी हीच. तिला दोघांचीही किळस आली.

दुसऱ्या दिवशी थोरल्या वहिनीने तिला गच्चीवर बोलावलं, चादरी पिळायला. इतक्या गोड आवाजात वहिनीने तिला आजवर हाक मारली नव्हती. तिथेच संशय यायला हवा होता. ती खाली आली तर तिच्या उघड्याच राहिलेल्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीतून थोरला उठत होता. त्याने आपली फाइल चढवली होती आणि खालच्या चौकोनात खूण केली होती. धाकट्याचा सगळा माल गेला होता. फोटो, मापं, लोकांनी कौतुकाने लिहिलेले चार शब्द, सगळं. आणि थोरल्याच्या स्वतःच्या मालाचं तरी काय झालं? फाइलमधल्या मोकळ्या रकान्यांनी तिने भरलेलं सगळं पुसून टाकलं होतं. नुसती नावं आणि किमती उरल्या होत्या.

"आता कसं स्वच्छ दिसतंय," थोरला म्हणाला.

मधलीने त्याला काय काय सुनावलं ते तिलाही नंतर आठवलं नाही. दोघांची जिन्याशी जुंपली असताना धाकटा दबक्या पावलाने आला, खुर्चीत बसला आणि त्याने आपली फाइल चढवली. चौकोनात खूण करायला तोही विसरला नाही. अक्कल नाही, पण वाईट खोड तेवढी झटकन उचलली.

दुकानात आता फोटो नसलेले स्क्रू उरले होते.

मग दोघेही तिच्यापुढे उभे राहिले, एकमेकांकडे पाठ करून.

"त्याला सांग, सुरुवात त्याने केली," धाकटा म्हणाला.

"त्याला सांग, माझा माल आधी परत आण," थोरला म्हणाला.

"दोघंही चालते व्हा," मधली म्हणाली.

फोटो आणि मापं तिच्याकडे वेगळी ठेवलेली होती. तीही पुसून टाकावीत आणि दुकानाला कायमची काडी लावावी, असं तिला मनापासून वाटलं. पण मग तिचं तरी काय राहणार होतं? तिने आधी पासवर्ड बदलला. मग कोरी शीट उघडली आणि भरायला बसली. बिजागरी, स्क्रूसकट. कुलूप, कोयंड्यासकट. मूठ, बोल्टसकट. एका भावाला एकट्याने धाडता येईल अशी एकही वस्तू तिने लिहिली नाही. भावांचं मनोमीलन वगैरे तिला करायचं नव्हतं. दोघांना एकमेकांपुढे हात पसरायला लावायचं होतं. फाइल चढवताना खालचा चौकोन आला, आणि त्यात तिने पहिल्यांदाच खूण केली.

सकाळी थोरला मोबाइल नाचवत आला. "नुसती बिजागरी कुठाय?"

"नाही."

"मी माझं वेगळं दुकान उघडीन."

"उघड. फोटो तुझे तू काढ."

"खोली रिकामी कर."

"करते. पासवर्ड माझ्याबरोबर येईल."

थोरला मोबाइल खिशात घालून आपल्या बाजूला गेला. धाकटा पलीकडून ऐकत होता. त्या दुपारी डबा वेळेवर आला.

पहिली ऑर्डर एका अख्ख्या घराच्या दारांना लागणाऱ्या बिजागऱ्यांची होती. थोरल्याने बिजागऱ्या खोक्यात भरल्या आणि खोकं तसंच उघडं ठेवून बसला. कुरिअरवाला येऊन बाहेर हॉर्न वाजवायला लागला. शेवटी थोरला उठला आणि त्याने पार्टिशनवर बोटाने ठोकलं.

"स्क्रू दे."

पलीकडून खण ओढल्याचा आवाज. पार्टिशनवरून एक पुडी आली, जमिनीवर आपटली आणि फुटली. स्क्रू चहूकडे पांगले. थोरला शिव्या देत, गुडघे टेकून एकेक गोळा करायला लागला. मधली उठली नाही.

"एक कमी आहे," तो पार्टिशनकडे बघून म्हणाला.

"पुरते दिलेत. शोध."

तो स्क्रू घरंगळत मधलीच्या पायाशी आला होता. तिने त्यावर चप्पल ठेवली आणि पुढची ऑर्डर उघडली. थोरल्याने कपाटाखाली पाहिलं, खोक्यामागे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. तो पार्टिशनशी जाऊन उभा राहिला.

"अजून एक दे," तो म्हणाला.